खस्सीच्या गळ्यातला हार

माझ्या चेंडूने अमरूस बिलुंगचा मांदर, म्हणजे मातीचा लांबट ढोल, फुटला, तिथून हे सगळं सुरू झालं.

भात कापून झालं की आमच्याकडे शेतं मोकळी होतात आणि गावोगावी हॉकीचे सामने लागतात. बक्षीस ठरलेलं – खस्सी, म्हणजे खच्ची केलेला, खाऊन माजलेला बोकड. जिंकणारा संघ तो घरी नेतो आणि अख्ख्या टोलीबरोबर, म्हणजे वाडीबरोबर, शिजवून खातो. हरणाऱ्याला कोंबडा. कपबिप आमच्याकडे कुणी मागत नाही. कपाचा रस्सा होतो का?

मी फुलजेन्सिया कुल्लू, घरी फुलो. केरसाटोलीच्या मुलींच्या संघात मागे खेळते. चेंडू माझ्यापाशी आला की मला एकच सुचतं, दणका. जामपानीच्या मैदानात त्या दुपारी दिलेला दणका सरळ बाजूच्या टेबलावर गेला. टेबलावर माइक होता, चहाचा ग्लास होता आणि मातीच्या खोडाचा एक मांदर होता. चहा तेवढा वाचला.

भोंग्यातून क्षणभर नुसती खरखर आली. मग एक गंभीर आवाज म्हणाला, "केरसाटोलीच्या चार नंबरने गोल केलेला आहे. जाळीत नाही, माझ्या मांदरात. पंचांनी दखल घ्यावी."

मैदानाभोवतीची माणसं पोट धरून हसली. आमची गोलकीपर बेरोनिका तर गोल सोडून खालीच बसली.

सामना संपल्यावर मी टेबलापाशी गेले. अमरूस भेगाळलेलं खोड मांडीवर घेऊन बसला होता, आजारी लेकराला घ्यावं तसं. मला फार वाईट वाटलं.

"मुद्दाम नाही मारला," मी म्हणाले.

"ते कळलं मला. मुद्दाम मारला असतास तर लागलाच नसता."

मी रागावणार होते... पण तो हसला. हसताना त्याचा एक डोळा आधी मिटतो आणि दुसरा मागाहून. राग कुठल्या डोळ्यावर धरायचा तेच कळेना. भरपाई काय देऊ म्हणून विचारलं, तर म्हणाला, नवा मांदर चढवला की पहिली थाप ऐकायला ये, एवढी शिक्षा पुरे.

माझी एक वही आहे. पुढच्या पानांवर अभ्यास आणि मागच्या पानांवर मनात येईल ते. आयो, म्हणजे आई, तांदूळ पाखडते त्या सुपाला ताल असतो, हे त्यात आहे. हॉकी खेळणारी माणसं वाकून धावतात म्हणून नम्र वाटतात, पण नसतात, हेही आहे. नांगराच्या बैलाला गाणं आवडतं का, याच्यावर दीड पान आहे. त्या संध्याकाळी मी लिहिलं – "भोंग्यातला आवाज आणि माणूस, दोन्ही बरे असू शकतात का?" लिहिलं आणि लगेच पान दुमडून टाकलं.

पुढचे पाच आठवडे आम्ही जिथे खेळायला जायचो तिथे माइकवर तोच असायचा. आमच्या भागात खेळाचं वर्णन करायला त्याच्याइतका हजरजबाबी दुसरा कुणी नव्हता. मध्यंतरात तो मांदर वाजवायचा आणि गावातल्या बायका हातात हात गुंफून रिंगण धरायच्या. खेळ सुरू झाला की माझ्यावर घसरायचा. चार नंबर आज केसांना तेल लावून आलेल्या आहेत, प्रेक्षकांनी डोळे सांभाळावेत. चार नंबरकडे चेंडू गेला आहे, मी मांदर टेबलाखाली ठेवत आहे. एकदा मी सलग तीन वेळा गोल वाचवला तेव्हा मात्र भोंगा गप्प झाला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "वा." नुसतं "वा." ते ऐकून माझे कान इतके तापले की पुढचा चेंडू पायांमधून निघून गेला.

"ए, तू खेळतेयस की भोंगा ऐकतेयस?" बेरोनिकाने मागून विचारलं.

नव्या मांदराची पहिली थाप मी ऐकली. हापशापाशी, दोन सामन्यांच्या मधे. मांदराची एक बाजू जाड बोलते, दुसरी बारीक, आणि दोघींनी एकमेकींना वाट करून दिली तरच ताल होतो, असं तो सांगत होता. मग त्याने माझी स्टिक घेतली आणि तिच्यावर बोटांनी तोच ताल वाजवून दाखवला. म्हणाला, तू घाई करतेस. चेंडू आला की एक मात्रा थांब, मग मार. पुढच्या सामन्यात मी एक मात्रा थांबले. चेंडू जिथे हवा तिथे गेला. मी वळून टेबलाकडे पाहिलं... तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता.

मी त्याच्या प्रेमात पडले होते. आता लपवण्यात काय अर्थ?

पण मला आणखीही एक गोष्ट हवी होती. राउरकेल्याच्या हॉकी वसतिगृहाचं निवड चाचणीचं पत्र आलं होतं. निवड झाली तर तिथेच राहायचं, शिकायचं आणि रोज खऱ्या हिरव्या मैदानावर खेळायचं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि जा म्हणाले. पण त्याच दमात हेही म्हणाले, की तोवर चांगलं मागणं आलं तर मात्र हॉकी बस. शब्द दिलेली मुलगी परगावी राहायला पाठवायची नाही, अशी आमच्या घरची रीत. एकोणीस वर्षं मला कुणी मागितलं नव्हतं, तेव्हा अजून दहा दिवस कोण मागतंय, असं म्हणून मी निर्धास्त होते. अमरूसला मी पत्राचं सांगितलं, बाबांची अट मात्र सांगितली नाही. लग्नाचा विषय मी कसा काढणार? पत्र बघून तो माझ्यापेक्षा जास्त खूश झाला.

शेवटचा सामना आम्ही जिंकलो. गळ्यात झेंडूचा हार घातलेला खस्सी आमच्या हवाली केला. मग नाच सुरू झाला आणि आम्ही सगळ्याच जणी त्यात शिरलो. खुंट्याला बांधलेल्या खस्सीवर लक्ष कुणी ठेवायचं हे कुणीच ठरवलं नाही. निघताना बघतो तर नुसता खुंटा. शेतं तुडवली, हाका मारल्या, पण तो कुठल्या कुठे गेला होता. जिंकूनही रिकाम्या हाताने घरी आलो आणि आयोने आमटी-भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावरून पाणी घेऊन आले, तर आमच्या अंगणात खाट टाकलेली होती आणि तिच्यावर अमरूस बसला होता.

त्याला खस्सी पहाटे नाल्यात सापडला होता. चिखलाने बरबटला होता म्हणून त्याने तो धुतला. हार चुरगळला होता म्हणून नवा ओवून घातला. चिखलात स्वतःचा सदरा खराब झाला म्हणून घरी जाऊन इस्त्रीचा घातला आणि दोन कोस चालत खस्सी पोचवायला आला. सगळं किती सरळ. पण आमच्या आजाने काय पाहिलं? लग्नाच्या वयाचा पोरगा, धुतलेला सदरा, हार घातलेलं जनावर. जुन्या रीतीत मागणं असंच यायचं. आजाने खाट टाकली, पितळेच्या परातीत पाणी आणवलं आणि स्वतः वाकून त्याचे पाय धुतले. अमरूसला वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत. त्याने पाय पुढे केले.

आमच्याकडे मागणं घेऊन आलेल्याने पाय धुवून घेतले, म्हणजे बोलणी सुरू झाली. मी आले तेव्हा त्याचे पाय ओले होते, आजाचे डोळे ओले होते आणि आयो चुलीवर मोठं पातेलं चढवत होती.

बाबा मला म्हणाले, "पोरगा बरा आहे. राउरकेल्याचं आता राहू दे."

माझ्या हातातली कळशी मी खाली ठेवली. अमरूसचा चेहरा पांढरा पडला. त्याला तेव्हा कुठे सगळा प्रकार समजला. त्याने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हण, मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, कृपा करून नाही म्हण...

तो उठून उभा राहिला. हात जोडले.

"आजा, हा खस्सी केरसाटोलीच्या पोरींचा आहे. हरवला होता, तो पोचवायला आलो. मी काही मागायला आलेलो नाही."

धुतलेल्या पायांनी नाही म्हणणं हा घराचा अपमान असतो. आजा घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. बाबांनी शांतपणे सांगितलं की आता निघावं. तो निघाला. मला हवं तेच तो बोलला होता. माझी चाचणी वाचली होती. आणि मी गोठ्यामागे जाऊन हमसून हमसून रडले, कारण तो नाही म्हणाला होता. मनाला काही तर्क असतो का? खस्सी शिजला, टोलीने बोटं चाटून खाल्ला. मी माझं ताट बेरोनिकाकडे सरकवलं.

पुढचे चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. रविवारी चर्चमध्ये, अलीकडे तो वाजवायचा त्या मांदरावर, दुसराच कुणी बसला होता आणि सगळी गाणी एका मात्रेने पुढे पळत होती. वहीत मी एकच ओळ लिहिली – "त्याला खरंच काही मागायचं नसेल तर?"

बुधवारी सकाळी बाबांनी मला राउरकेल्याच्या बसमध्ये बसवून दिलं आणि ते शेतावर गेले. धुकं होतं. ड्रायव्हरने मोठ्याने गाणं लावलं होतं आणि इंजिन त्याच्यावर घरघरत होतं. मी खिडकीशी बसले होते, स्टिक मांडीवर आडवी. तेवढ्यात धुक्यातून सायकल आली. अमरूस खिडकीखाली थांबला. धापा टाकत होता.

"काल तू घरी नसताना आजाकडे गेलो होतो," तो म्हणाला. "माफी मागितली. पाय धुवायला पाणी नाही दिलं, पण बस म्हणाले."

"आणि?"

"आणि चहा दिला. बिनसाखरेचा."

मला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. मग मी विचारलं, अगदी हळू, "त्या दिवशी... काही मागायचं नव्हतं ना तुला?"

त्याने खिडकीचा गज धरला. हजार माणसांपुढे माइकवर बडबडणारा हा पोरगा दुसऱ्या हाताने सायकलची घंटी चाचपत राहिला.

"हो म्हटलं असतं तर तू आज या बसमध्ये नसतीस, फुलो," तो म्हणाला. "आणि तिथे सगळे मलाच विचारत होते, तुझ्या बाबांना विचारत होते. तुला कुणी विचारलंच नाही. म्हणून आता विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

मी काहीतरी बोलले. ते गाण्यात बुडालं. तो कान पुढे करून बघत राहिला. कंडक्टरने घंटी दिली.

"ड्रायव्हरदादा," मी ओरडले, "गाणं बंद करा, मला बोलायचंय."

गाणं थांबलं. तीस-पस्तीस माणसं माझ्याकडे वळली. मी एक मात्राही थांबले नाही.

"हो," मी म्हणाले. "करीन. पण दोन वर्षांनी, तोवर घरी मागणं आणायचं नाही. आणि लग्नानंतरही मी खेळणार. चालेल?"

पुढच्या बाकावर कोंबड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "चालेल म्हण रे लवकर, माझा बाजार चुकतोय."

"चालेल," अमरूस म्हणाला. त्याचा एक डोळा मिटला, मग दुसरा.

ड्रायव्हरने गाणं पुन्हा लावलं आणि बस सुटली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मागे बघत राहिले, सगळ्यांसमोर. धुक्यात तो दिसेनासा झाला तरी त्याच्या सायकलची घंटी बराच वेळ बसच्या मागून ऐकू येत होती.