लेखकाची बायको कुठंय?

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात त्याच्याखालून एक पुस्तक आत आलं… आणि पुस्तकामागून एक डोकं.

"उघडलंय का?"

"अर्धं," इंद्रायणी म्हणाली.

"मग मी अर्धंच बोलतो. उरलेलं चहानंतर."

माणूस पस्तिशीचा, अंगात स्वेटर, खांद्याला पोतडीएवढी पिशवी. नाव भरत. गाव खोडद. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कमरेला टॉवेल खोचलेला, मिशीला कणीक लागलेला एक बाप्या होता आणि त्याच्या काखेत रडणारं पोर. वर नाव – 'घरधनी घरीच असतात'.

"विनोदी कादंबरी आहे," तो म्हणाला. "बायको नोकरीला, नवरा घरात आणि पोरगी दोघांच्या डोक्यावर. तुमच्या दुकानात ठेवाल का दहा प्रती?"

"स्वतःचा अनुभव?"

"पाच वर्षांचा. अजून चालू आहे."

"आणि बायको काय म्हणते?"

तो क्षणभर समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. "काय म्हणणार… हसते."

तो क्षणभराचा थांबा इंद्रायणीच्या कानाला खटकला. नारायणगावात एसटी स्टँडसमोर तिचं पुस्तकांचं आणि शालेय सामानाचं दुकान होतं. वय तीस. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा आठ दिवसांवर आला असताना तिला कळलं होतं, की नवऱ्या मुलाचं एक लग्न आधीच झालंय आणि ती बायको नांदतेही आहे. तेव्हापासून ती कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटी करून बघायची.

पुस्तकं तिनं ठेवून घेतली. दुपारी गिऱ्हाईक नसताना एक उघडलं, आणि पालकसभेच्या प्रकरणावर तोंडाला ओढणी लावून हसत बसली. तीस आयांमध्ये एकटाच बाप. बाई म्हणतात, "मम्मीला पाठवा." हा म्हणतो, "मीच मम्मी." आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं तेच नाव कायमचं पडतं… हसून झाल्यावर तिला राग आला. लग्न झालेल्या माणसानं इतकं हसवावं कशाला?

त्या आठवड्यात तो चार वेळा आला. पुस्तकं किती खपली, ते विचारायला. दर वेळी एक खोडरबर घेऊन जायचा.

"चार खोडरबर? इतक्या चुका होतात?"

"इथं आलो की होतात."

तिला हसू आलं. तिनं ते तिथंच दाबलं. "अशी वाक्यं घरी बायकोला ऐकवा. तिला बरं वाटेल."

भरतनं तोंड उघडलं… आणि मिटलं. तो पाठमोरा जाताना ती बघत राहिली. 'नक्की काहीतरी लपवतोय,' ती मनाशी म्हणाली. पण शनिवारी तो आला नाही, तेव्हा ती एसटीगणिक दाराकडे बघत होती, हेही तितकंच खरं.

संक्रांत झाली होती. पिंपरी पेंढारला तिची आत्या प्रयागबाई बचत गट चालवायची. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, पुस्तक वाटायचं, असं आत्यानं ठरवलं होतं. इंद्रायणीनं भरतची कादंबरी सुचवली. आत्या म्हणाली, "घेऊ की चाळीस. पन आधी त्या पावण्याला आण. बाप्या मानूस घरी बसून पोर सांभाळतो म्हंतो… मला तर खोटंच वाटतंय."

भरत इंद्रायणीबरोबर गेला. चाळीस बायकांच्या मधोमध खुर्चीवर बसला. त्यानं पालकसभा वाचून दाखवली. बायका हसल्या, पण प्रयागबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिनं नात पुढं ढकलली. "हिची येणी घाल. बघू."

भरतनं खुर्ची सोडली, जमिनीवर बसला. रबर दातात धरलं, फणीच्या टोकानं सरळ भांग पाडला आणि बोलता बोलता दोन घट्ट वेण्या घालून वर रिबिनींची फुलं काढली. पोरगी 'आई गं' सुद्धा म्हणाली नाही.

"आगं बया, ह्यो तर खराच हाय!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्या हसत होत्या. इंद्रायणीचं हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं. त्याची पोरगी खरी, म्हणजे बायकोही खरीच.

"आन् मंग तिला का न्हाई आणली?" प्रयागबाईनं विचारलं. "संक्रांतीच्या दिसात सवाष्ण घरी यायला पायजे व्हती."

"ती… हैदराबादला असते. कामावर."

"सणाला साडी तरी घेतली का?"

"घेतली की. काळी."

बायका खूश झाल्या. इंद्रायणी नाही. 'काळी' म्हणताना फणीतले केस काढणारी त्याची बोटं थांबली होती, ते तिनं पाहिलं होतं.

परतताना आळेफाट्याला एसटी बदलायची होती. चहाचे ग्लास हातात आले, तसं तिनं विचारलं, "काठ कुठल्या रंगाचे आहेत?"

"कशाचे?"

"काळ्या साडीचे."

त्यानं चहावर उगाच फुंकर घातली.

"साडी नाहीये. बायको तरी आहे का?"

त्यानं ग्लास बाकावर ठेवला. मग तो खाली बघत म्हणाला, "नाही. दोन वर्षं झाली वेगळे होऊन. पोरगी माझ्याकडे असते. प्रकाशक म्हणाले, विनोदी पुस्तक आहे, लोकांना हसायला भरलेलं घर लागतं, घटस्फोटाचं बोलू नका. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, मी 'हसते' म्हणून बसलो. मग परत कसं फिरायचं, तेच कळेना. तुमच्यासमोर तर रोज वाटायचं, आज सांगू… आज सांगू…"

"सगळे पुरुष असलेली बायको लपवतात," इंद्रायणी म्हणाली. "नसलेली दाखवणारे तुम्ही पहिलेच."

त्याला हसू आलं. तिला आलं नाही.

"त्या चाळीस बायका माझ्या शब्दावर पुस्तक घेणार होत्या. आणि आता हे दुसरं तरी खरं कशावरून?"

नारायणगावची गाडी लागली. ती एकटीच चढली.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. एक नंबर आणि दोन ओळी – 'साधनाचा, माझ्या पोरीच्या आईचा नंबर. तिला विचारा. मी तिला काही पढवलेलं नाही.'

दुसरी एखादी असती तर लाजून गप्प बसली असती. इंद्रायणीनं दोन दिवस फोन उचलून खाली ठेवला आणि भर दुपारी दुकानातूनच लावला.

पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भरतनं स्वतः नंबर दिला? मग प्रकरण गंभीर दिसतंय."

"कसलं प्रकरण?"

"ते तुम्हीच सांगा," साधना हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "भांडून नाही मोडलं आमचं. मला बाहेर जायचं होतं, त्याला गावी परतायचं होतं. संस्कृतीला त्याच्याकडे ठेवली म्हणून लोक मला काय काय बोलतात. बोलू देत. माझी पोर तिथं सुखात आहे, सुट्टीत माझ्याकडे येते. आणि त्या पुस्तकातली बायको मी नाही हं. इतकी हसणारी त्याला हवी होती, मी तशी नव्हते. मिळाली तर मला आनंदच होईल."

फोन ठेवल्यावर इंद्रायणी बराच वेळ काउंटरवरचे पेन रंगाप्रमाणे लावत बसली. तो वेगळा झालाय, हे खरं होतं. पण चाळीस बायकांसमोर तो खोटं बोलला, हेही खरंच होतं. त्याचं काय करायचं?

त्याचं उत्तर प्रयागबाईच्या फोननं आलं.

"आगं इंद्रे, तो पावणा आल्ता! पोरीला घेऊन. गटाच्या मीटिंगमधी हुबा ऱ्हायला आन् म्हनला, मी तुमाला खोटं सांगितलं, मला बायको न्हाई, साडी न्हाई. पुस्तक नका घेऊ, पन इंद्रायणीबाईंना बोल लावू नका, त्यांना मी फसवलंय."

"मग?"

"मग काय! लई झापला त्याला. खाली मान घालून ऐकत व्हता बिचारा. मंग मी म्हनलं, आरं, हितं निम्म्या जनी नवरा आसून एकट्याच पोरं वाढवत्यात. त्यात लपवायचं काय? रथसप्तमीला वाटतोय आमी पुस्तकं. चाळीस न्हाई, पन्नास आन."

इंद्रायणीनं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

खोडदच्या रस्त्याला कांद्याच्या वाफ्यांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. वारं गार होतं. भरत ओट्यावर मटार सोलत बसला होता. स्कूटी थांबलेली बघून तो उठला आणि मांडीवरचे सगळे दाणे अंगणभर घरंगळले.

"मी साधनाताईंना फोन केला होता," ती म्हणाली.

"केलात? खरंच?"

"तुम्हाला काय वाटलं, नंबर फ्रेम करून लावीन?"

दोघं वाकून दाणे गोळा करू लागले. एका दाण्यावर दोघांची बोटं आली… आणि तिथंच राहिली.

"अजून काही विचारायचं असेल तर विचारा," तो हळूच म्हणाला. "या वेळी खरं सांगेन."

"मी तुम्हाला आवडते?"

एवढा बोलका माणूस. पण त्याच्याकडून दोनच शब्द निघाले. "हो. फार."

"कधीपासून?"

"तारीख सांगितली तर तुम्ही पडताळून बघाल."

"बघणारच."

ती हसली. आळेफाट्याला अडलेलं हसू आत्ता बाहेर पडलं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

एवढ्यात कोपऱ्यावर शाळेची व्हॅन थांबली. धुळीतून सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली संस्कृती धावत आली आणि अनोळखी बाई बघून जागीच थबकली. एकदा स्कूटी, एकदा बाप, एकदा बाई… डोळे बारीक करून बघू लागली.

"संस्कृती, या…" भरत अडखळला.

इंद्रायणी तिच्यासमोर उकिडवी बसली. या घरात पहिलं वाक्य तरी खरं असावं, असं तिला वाटलं.

"मी इंद्रायणी," ती म्हणाली. "मला तुझा बाबा आवडतो."

पोरीनं नीट विचार केला. मग खांद्यावरचं जड दप्तर काढून तिच्या हातात दिलं.

"मला पण," ती म्हणाली, आणि मटार खायला ओट्यावर जाऊन बसली.