वाऱ्याचा आडोसा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं अब्बांनी मला बजावलं आहे. अम्मीला तर मुळीच नाही. मी तशीही फार बोलत नाही. पण आपा होस्टेलला गेल्यापासून घरात जे आहे, ते एकटीनं सोसवत नाही. म्हणून वहीत लिहून तुम्हाला सांगते. दिवा जवळ ओढून बसा आणि मध्येच काही विचारू नका, नाहीतर माझा धीर सुटेल.

निलंग्यात बसस्टँडच्या मागं लालमहंमद सायकलवाल्याचं दुकान आहे. ते आमचे अब्बा. नाजिया आपा त्यांची थोरली लेक. बारावी झाली तेव्हा घरोघरी एकच बोलणं होतं, लातूरला कुठल्या क्लासला जायचं. आमचा चुलतभाऊ अम्मार तिथं खोली करून राहिला होता आणि पाठांतर करून करून पिवळा पडला होता. आपाला मात्र सडक हवी होती. अब्बांनी कुणाचीतरी जुनी रेसची सायकल आणून, खोलून, पुन्हा जुळवून दिली आणि एक वर्ष दिलं. उन्हाळ्याच्या तोंडावर लातूरला सायकलपटूंची निवड होती. तीत नाव आलं तर क्रीडा होस्टेल. नाही आलं तर सायकल खुंटीला आणि आपा अम्मारच्या शेजारच्या गल्लीत.

सुरुवातीला अब्बा लुनावरून तिच्या मागं जात. जाता जाता शिकवत.

"दुसऱ्याच्या चाकामागं बसलं की वारा लागत न्हाई, बेटा. पण फुकटात बसायचं न्हाई. थोडा वेळ तो पुढं, मग आपुन पुढं. पाळी चुकवणाऱ्याला सडकेवर इज्जत नसते."

मग अब्बांची कंबर धरली आणि आपा एकटीच जाऊ लागली. फजरची अजान झाली की निघायची.

आखाडात निलंग्याच्या पश्चिमेचा माळ म्हणजे वाऱ्याचं रान. समोरून वारा असा येई की पायडल मारूनही सायकल जागच्या जागी उभी आहे असं वाटे. कानात भणभण, दातांत माती. अशाच एका पहाटे आपाला पुढं एक सायकल दिसली. काळी, जड, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली. वर धोतर-पटक्यातला एक म्हातारा, पाठ वाकवून, एका लयीत चाललेला. आपानं जोर लावला, त्याच्या चाकामागं आली, आणि वारा थांबला. कुणी दार लावून घ्यावं तसा एकदम थांबला.

आवाजही थांबला. उरली फक्त रिकाम्या किटल्यांची खुळखुळ. वास मात्र दुधाचा नव्हता. जुनी भिंत पावसात भिजली की पांढऱ्या मातीचा येतो, तसला वास होता.

पुढं एक फाटा लागतो. डांबरी सडक सरळ भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावाकडं जाते आणि डाव्या हाताला वेड्या बाभळींच्या दाटीत एक जुनी गाडीवाट शिरते. म्हातारा त्या वाटेला वळला. वळताक्षणी वारा आपाच्या छातीवर येऊन आदळला.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दूधवाले पहाटेचे असतातच. उलट बरंच झालं. रोज त्याला गाठायचं, रोज आडोशाला बसायचं. त्याचा वेग नेहमी तिच्यापेक्षा नखभर जास्त. त्याच्या मागं टिकता टिकता तिचे पाय तयार होत गेले.

भादव्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीन पिवळं पडलं. दिवाळीनंतर ज्वारी डोक्याएवढी झाली आणि पानांची सळसळ तिच्याबरोबर धावू लागली. उसाच्या गाड्या सुरू झाल्या तशी सडकेवर चिपाडं पसरली. आपाच्या चाकाखाली ती करकर मोडत. म्हाताऱ्याच्या चाकाखाली मोडत नसत. पुसाच्या महिन्यात धुकं उतरलं. एकदा परत येताना तिला दवानं ओल्या झालेल्या डांबरावर सकाळच्या चाकाची रेघ दिसली. रेघ एकच होती. ती तिच्या सायकलीची होती.

घरी येऊन मला सांगताना ती हसत होती. "म्हातारा लई हलका असंल गं. दूध इकतो, पीत न्हाई."

मीही हसले.

फाल्गुनात पळस पेटले. निवड दोन दिवसांवर आली. त्या पहाटे त्याच्या मागं बसल्या बसल्या आपाला एकाएकी लाज वाटली. आखाडापासून आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या आडोशाला बसलो आणि एकदाही पुढं झालो नाही. अब्बांना कळलं तर काय म्हणतील? फाट्याअलीकडच्या पुलाजवळ ती जोर लावून त्याच्या बरोबरीला आली. आज तिला तेवढं जमलं.

"बाबा, आता मी पुढं व्हते. तुमी मागं या... दम घ्या जरा."

म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. फक्त किटल्यांची खुळखुळ थांबली. मग ती खुळखुळ हळूच आपाच्या मागं सरकली आणि पुन्हा सुरू झाली.

फाटा आला. आपाला वाटलं, आता तो डावीकडं वळेल. ती सरळ गेली. खुळखुळही सरळ आली.

तिनं मागं पाहिलं नाही. सायकलवाले मान वळवत नाहीत, काखेखालून बघतात. तिनं तसं पाहिलं. तिच्या मागच्या चाकाला अगदी लागून एक काळं चाक फिरत होतं. त्याच्या वर काय होतं ते तिनं मला कधीच सांगितलं नाही.

नव्या गावाच्या कमानीपाशी तुळजाबाईची चहाची टपरी आहे. आपा रोज तिथं पाणी भरून घ्यायची. त्या दिवशी ती थांबली तेव्हा तुळजाबाईच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात जोडले. आपाला नाही, आपाच्या मागं.

"लेकी... कुणाला घेऊन आलीस?"

आपानं वळून पाहिलं. सडक मोकळी होती.

"कुणी न्हाई मावशी. तो दूधवाला बाबा व्हता मागं."

"व्हता न्हाई. हाय." तुळजाबाईचा आवाज खाली गेला. "तू त्याच्या म्होरं झालीस का?"

"पाळी व्हती माझी."

"कसली पाळी गं बाई..." तुळजाबाई बाकड्यावर बसली. "आमच्या गावात किटल्या वाजल्या की माणूस खाली उतरतंय. सायकल असू दे, जीप असू दे. कडंला व्हायचं अन् त्याला म्होरं जाऊ द्यायचं. पाळण्यातल्या लेकराला बी ठावं हाय हे."

मग तिनं सांगितलं. भूकंप झाला त्या पहाटे रामलिंग, म्हणजे हाच दूधवाला, नेहमीसारखा दूध घेऊन निलंग्याच्या वाटेला लागला होता. गावावर अंधार होता. जमीन हलली तसा तो सायकलीवरून पडला. मागं पाहिलं तर गाव दिसेना, नुसता धुरळा. त्यानं किटल्यांतलं दूध सडकेवर ओतलं, ओझं हलकं केलं, आणि घराकडं माघारी निघाला. घरी बायको होती, दोन लेकरं होती.

"पोचला?"

"सायकल घावली. माणूस न्हाई घावला. तवापासून तो घराकडं चाललाय बघ. फाट्याला वळतो, जुन्या गावात जातो. कुणाला त्याचा तरास न्हाई. पण म्होरं कुणी झालं की तो त्याच्या मागं येतो. धुरळ्यात त्याला दुसरं काय दिसणार, लेकी? म्होरचा माणूस घरीच चाललाय असं वाटतंय त्याला."

आपानं पाण्याची बाटली सायकलीला अडकवली.

"मग आता?"

"आता माघारी जा. फाट्यावर खाली उतर. कडंला उभी ऱ्हा, त्याला म्होरं होऊ दे. बोलायचं न्हाई. किती बी येळ लागू दे, हलायचं न्हाई."

आपा निघाली. खुळखुळ निघाली. फाटा दिसू लागला तसे तिला वाटेच्या तोंडाशी बाभळी दिसल्या, आणि त्यांच्या आत, ऊन वर आलं होतं तरी, उजेड नव्हता. तिथं उतरायचं, उभं राहायचं, आणि ते अंगाला घासून पुढं जाईपर्यंत हलायचं नाही. परवा निवड आहे. आज पायांत भीती शिरली तर ती निघणार नाही. निवड झाली की येईन, बाबा, असं ती मनात म्हणाली. तिचे पाय थांबले नाहीत. तशी ती खुळखुळ मागं घेऊन घरापर्यंत आली.

निवडीच्या दिवशी लातूरला वारा सुटला होता. सोलापूरच्या, नांदेडच्या तगड्या मुली वाऱ्यात मोडल्या. आपा पहिल्या तिघींत आली. अब्बांनी दुकानाबाहेर पेढे वाटले. संध्याकाळी आपा त्यांना म्हणाली, "अब्बा, मला आज वारा लागलाच न्हाई." आणि तिनं सगळं सांगितलं. मी दाराआड होते. अब्बांच्या हातातला पेढा हातातच राहिला. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी ढिगारे उपसायला गेलेल्या पोरांत तेही होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"मी एकदा फाट्यावर जाऊन येते, अब्बा."

"न्हाई," अब्बा म्हणाले. "आता तुला त्या सडकेला जायचंच न्हाई. कुणापाशी बोलायचं बी न्हाई." त्यांनी उठून तिच्या सायकलीची चेन काढून ठेवली. मग त्यांना मी दिसले. मलाही तेच बजावलं.

आपा होस्टेलला गेली ती एसटीनं गेली. सायकल तिथं नवी मिळते. स्टँडवर तिनं माझा हात घट्ट धरला. बस हलली. मला तेव्हा सुचलं नाही, ते घरी येताना सुचलं. बसच्या मागं सायकल कशी जाणार? तो मग कुणाच्या मागं जाईल?

आता पुन्हा आखाड आहे. आमच्या घरावर पत्रे आहेत, ते दिवसरात्र वाजतात. अंगणातल्या दोरीवरचे सगळे कपडे आडवे होऊन उडतात. त्यांत माझी एक ओढणी मात्र सरळ खाली लोंबत असते. मी तिची जागा बदलून पाहिली. दुसऱ्या दिवशी नव्या जागेवरही ती तशीच सरळ होती. अब्बांनी ते पाहिलं. दोन दिवसांपासून ते मला शाळेत चालत जा म्हणतात. मी का म्हणून विचारलं नाही. मला माहीत आहे. सायकलीवर बसले की मी कुणाच्या तरी पुढं असेन.

पावसाचा थेंब नाही, तरी घरात ओल्या पांढऱ्या मातीचा वास येतो. आणि आत्ता मी हे लिहीत बसले आहे तर समोरचं दार सताड उघडं आहे, वारा घोंघावतो आहे, भिंतीवरचं कॅलेंडर आपटतं आहे, आणि माझ्यापुढचा दिवा हलत नाही. वहीचं पानसुद्धा हलत नाही. दार आणि मी, यांच्यामध्ये...

"अलीझा," अम्मी चुलीपाशी बसून हाक मारते आहे, "अब्बांचा डबा ऱ्हायला बघ. सायकल काढ अन् पळ दुकानात."

अम्मीला काय सांगू? मी अजून जागची हललेली नाही. पण दिवा आत्ता एकदम फडफडला, पान उडालं, म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी उठून दाराबाहेर गेलं आहे, आणि अंगणात माझ्या सायकलीपाशी किटल्यांची खुळखुळ थांबली आहे.