डाव्या कानाखालची गाठ

चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाजारात गेलो होतो. येताना नेहमीसारखा म्यूझियममध्ये डोकावलो. तिथं काचेच्या पेटीत माझ्या दादाचा मफलर आहे. आईनं विणलेला, तपकिरी. बर्फातल्या लष्करी ठाण्यावर दादा गोठून गेला, तेव्हा घरी एवढाच परत आला. आई गेल्यावर मी तो म्यूझियमला दिला.

पेटी रिकामी होती.

"दादा खाली गेलेत," पहारेकरी हसून म्हणाला. "कसर लागलीय त्यांना."

तळघरात जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या बाई बसतात. कोपऱ्यात पांढरा फ्रीजर घरघरत होता.

"आजोबा, औषध मारलं तर लोकर खराब होते," बाई समजुतीनं म्हणाल्या. "कडक थंडीत ठेवलं की कसर आपोआप मरते."

"थंडीनंच तर तो मेला, बाई."

मग मला ऐकू आलं. घरघरीच्या आत आणखी एक आवाज. कट् कट्... कट् कट्... थंडीनं दात वाजतात तसा.

"मोटर जुनी आहे," बाई म्हणाल्या.

मी वाकून प्लग ओढला. घरघर थांबली.

कट् कट्... कट् कट्...

बाईंनी माझी बाही धरली. "आजोबा... नका उघडू..."

घाबरलो नव्हतो असं नाही. पण आत आमचा माणूस होता. मी झाकण उचललं. गार वाफ अंगावर आली, आणि तिच्यामागून शेगडीवर वाळत घातलेल्या ओल्या लोकरीचा वास. आवाज बंद झाला.

"मी सपाट घडी घातली होती..." बाई पुटपुटल्या. "पिशवी तर अजून सीलबंद आहे..."

पिशवीत मफलर गोल उभा होता, गळ्याभोवती गुंडाळावा तसा. डाव्या कानाखाली यावी अशी गाठ. आम्ही शाळेला निघालो की आई दोघांना तशीच बांधायची. दादा कोपरा वळला की ती सोडून टाकायचा.

पिशवी फाडून मी हात लावला. लोकर कोमट होती.

"ती म्यूझियमची वस्तू आहे, आजोबा..."

"कागदावर तुमची असेल. थंडी आमच्या दादाला वाजते. खुशाल पोलीस बोलवा. मी घरीच सापडेन, या गुडघ्यांनी कुठं पळणार?"

बाईंनी अजून कुणाला बोलावलेलं नाही. फोन तेवढा करतात, "ठीक आहात ना?" विचारायला.

मफलर आता माझ्या गळ्यात असतो. सैलच घेतो. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागतो, आणि उठतो तेव्हा डाव्या कानाखाली गाठ बसलेली असते. मी सोडतो. दुसऱ्या दुपारी पुन्हा बसते. हल्ली जरा आवळूनच. सून म्हणते, "बाबा, परत देऊन टाका तो." मी मान हलवतो. आईचा हात आहे, जड असला म्हणून काय झालं? पुन्हा त्या थंडीत मी त्याला घालणार नाही.

काल जागा झालो, तर श्वास अडकत होता. गाठ चाचपली. ती उजव्या कानाखाली होती.

आईनं जन्मात कधी त्या बाजूला गाठ मारली नाही. दादानंही नाही.

कोण असेल तो असो. मी गाठ सोडलेली नाही. खुर्ची दाराकडे वळवून बसलोय. माझ्या गळ्यातून दादाला नेऊन दाखव म्हणावं.