लिंबू-मिरचीची तार

वेधशाळेच्या त्या लाकडी खोलीत लोखंडाला मज्जाव होता. कुलूप पितळेचं, खिळे तांब्याचे. हेमांगी पटवर्धन साडीच्या पिनासुद्धा बाहेरच्या डब्यात काढून मगच आत पाऊल टाकायची, कारण आतला चुंबकमापक पिनेलाही बिचकायचा.

त्याच्या नोंदींवरून 'सीमादर्शक' नावाचा संगणक पृथ्वीच्या चुंबकीय ढालीची सूर्याकडची कड पडद्यावर दाखवायचा. एरवी ती पृथ्वीच्या मध्यापासून पासष्ट हजार किलोमीटरवर असे. मागची शेपूट तर चंद्राच्याही पलीकडे जाई. सूर्याकडून येणारं कणांचं वारं खवळलं, की पुढची कड आत दबायची. बेचाळीस हजारांवर हेमांगीची लेक ऋचा यानाबाहेर तरंगत उपग्रह दुरुस्त करत होती. कड तिच्या आत गेली, तर ते वारं थेट तिच्यावर येणार होतं.

शनिवारी भर दुपारी कड झोके घेत घेत आत येऊ लागली. साठ, पन्नास, शेहेचाळीस. सूर्य इथे डोक्यावर असला की याच वेधशाळेचा शब्द प्रमाण. हेमांगीने ऋचाला ताबडतोब यानात परत बोलावलं. ऋचा दोरीला धरून सरकत होती आणि कड चव्वेचाळीसवर आली होती.

पण सूर्यावर पहारा देणारं यान तर वारं मंद असल्याचं सांगत होतं. मग ढाल दबतेय कशाने? आणि ढाल कधी अशी झोके घेते का? हेमांगीची नजर मापकामागच्या खिडकीकडे गेली. चौकटीला ताजी लिंबू-मिरची टांगलेली होती आणि टेकडीवरच्या वाऱ्याने हेलकावत होती.

ती तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, जेवणाचा डबा आणताना बांधली होती. लेकीला दृष्ट लागू नये म्हणून. किल्ल्या त्याने शहाण्यासारख्या बाहेरच्या डब्यात ठेवल्या होत्या. लिंबात कुठलं आलंय लोखंड! ते ओवलं होतं मात्र लोखंडी तारेत.

हेमांगीने ती ओढून काढली आणि दूर भिरकावली. कड पासष्टवर जाऊन स्थिरावली. तिला हसू आलं आणि रडूही.

एव्हाना ऋचा आत पोचली होती. सगळं ऐकून ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबांना बोलू नकोस हं. आणि आई, काम अर्धंच राहिलंय. जाऊ परत बाहेर?"

हेमांगीने पडदा पाहिला, खिडकी पाहिली, पुन्हा पडदा पाहिला.

"जा," ती म्हणाली.

दारात उभ्या दिगंबरचा चेहरा पडला होता. त्याने हळूच विचारलं, "सुती दोऱ्यात ओवली, तर चालेल का गं?"