पेटीतला डोंगर

वरचा थर

"माझा भाऊ खुनी नाही!" भूगर्भतज्ज्ञाच्या थोरल्या बहिणीनं टेबलावर मूठ आपटली. "घाटरस्त्याचा उतार कोसळला. मजूर गाडले गेले. भाऊ म्हणतो, आत माती आहे असं मी बजावलं होतं. रस्त्याचं ऑफिस म्हणतं, त्यानंच अहवालात खडक दाखवला. तो कोठडीत, आणि उद्या त्याच उतारावर पुन्हा काम!"

खाजगी गुप्तहेर बाईंना सगळे वहिनी म्हणत. धाकटा दीर त्यांचा मदतनीस.

"उठा, भावोजी. चहा राहू दे."

मधला थर

गोदाम. लाकडी पेटी. उताराला भोक पाडून काढलेले गोल दगड खणांत ओळीनं मांडलेले. बिजागरीपाशी पहिला दगड काळा, टणक. शेवटचा तांबूस, भावोजींच्या बोटांत त्याचा भुगा झाला.

"वहिनी, मी काही केलं नाही हं!"

"माहीत आहे. फळ्यांच्या फटीत बघा."

फटीत पिवळी चिकणमाती वाळली होती.

गोदामाची चावी दोघांकडेच: ड्रिलवाला आणि अंदाजपत्रकवाला.

ड्रिलवाला भडकला. "माझ्यावर ढकलू नका! जमिनीतून आधी निघेल ते बिजागरीपाशी, मग खालचं. झोपेतही तसंच भरतो. पलीकडे दुसरा मार्ग म्हणून बोगदा सुचवला होता, तिथली पेटीही मीच भरली. तिथं सगळा खडक."

अंदाजपत्रकवाला हसला. "मी दगडांना कशाला हात लावू? मी खर्च मांडतो. आधी पाया, मग भिंत, शेवटी डांबर. खालून वर, हाडात भिनलंय."

"उतारात माती निघाली असती तर?"

"भिंतीच भिंती! मी सुचवलेला मार्ग बाद, बोगदा पास."

तळ

मुख्य अभियंत्यांच्या खोलीत, बहीण आणि अंदाजपत्रकवाल्यासमोर, वहिनींनी पेटी दाणकन आदळली.

"खडकातून चिकणमाती गळत नाही. पेटीत आधी माती होती. ती काढून बोगद्याकडचा खडक भरला. उन्हापावसानं कुजलेला तांबूस दगड जमिनीलगत असतो. इथं तो शेवटच्या खणात, म्हणजे तळाशी! ड्रिलवाल्याचा हात असा चुकला नसता. खालून वर कोण मांडतं?"

"अंदाजपत्रकवाला!" भावोजी ओरडले.

"साहेबांनाच स्वस्त मार्ग हवा होता," तो पुटपुटला.

साहेब खाकरले. "ताई, भावाला आजच सोडवतो. बाकीचं या खोलीतच राहू दे."

"माझा भाऊ सुटला की झालं?" बहीण उसळली. "उद्या कोणाचा भाऊ गाडणार?"

वहिनींनी फोन साहेबांपुढे सरकवला. "आधी उताराचं काम बंद करा. मग पोलिसांना बोलवा, आणि तुम्हा दोघांसाठी बोलवा."

"फोन नाही केला तर?" साहेबांनी विचारलं.

भावोजींनी दाराला आतून कडी घातली.