काचेच्या आतला अंगठा

पटत नसेल तर वाचू नका. पण हे घडलंय.

मागच्या सप्टेंबरात. मंगळवार, दुपारचे तीन. भिंगारजवळची एक लॅब.

दिपाली तिथे लिव्हरच्या गाठींचे पातळ पापुद्रे काचेवर चढवते. डॉक्टरांचा अभ्यास चालू होता. काविळीच्या विषाणूमुळे कॅन्सर झालेल्या लिव्हरमध्ये, गांजाचा अंश ज्यांना चिकटतो ते पेशीवरचे रिसेप्टर किती असतात? असले, तर पेशी तपकिरी रंगते. ते कॅन्सर वाढवतात की रोखतात, हे ठामपणे कुणीच सांगत नव्हतं.

चौदा नंबरचा तुकडा तिच्या वडिलांचा. आसाराम. जानेवारीत गेले.

काच एक. पापुद्रा सुटला, कोरी.

दोन. कोरी.

तीन...

बाकी सगळ्या काचा नीट. फक्त चौदा नंबर!

"बाबा, तुमीबी छळा आता," ती पुटपुटली.

त्यात भाऊ. अजिनाथ तिसगावहून आला होता. रक्त तपासायला नाही, भांडायला.

"गांजाचं तेल दिलं असतं तर बाबा वाचले असते. मोबाईलवर दाखवलंय."

"ते अजून कुनालाच ठावं न्हाई, दादा. तू आधी रक्त दे."

"कशाला? माझी कावीळ लहानपनीच उतरली. माळ पार पायापतूर आल्ती."

"बाबांची न्हवती आली व्हय?"

त्यांच्याकडे कावीळ झाली की डोक्यावर औषधी मुळ्यांची माळ घालतात. माळ लांबत पायाशी आली, की कावीळ उतरली. डोळे पांढरे, घर निर्धास्त. विषाणू मात्र वर्षानुवर्षं आत गप्प बसू शकतो.

किती वेळा सांगितलं तिनं. अजिनाथ बाहेर बाकावर फुगून बसला.

तिनं चौथी काच घेतली. रंगवून झाली, वर झाकणकाच बसवली.

तेवढ्यात मशीनची घरघर थांबली. पंखाही.

मागून आवाज आला.

खस्स... खस्स...

कुणीतरी भिंतीला बोट पुसत होतं.

मागे कुणीच नव्हतं.

तिनं काच खिडकीच्या उजेडात धरली. तपकिरी रेषा. गोल गोल...

अंगठा.

झाकणकाचेच्या आत. मधोमध कोयत्याच्या जुन्या घावाची तिरकी खूण, बाबांच्या अंगठ्यावर होती तशीच.

आसाराम यांना लिहिता येत नव्हतं. दवाखान्यातल्या प्रत्येक फॉर्मवर दिपालीनंच त्यांचा अंगठा धरून उठवला होता. शाई ते भिंतीला पुसायचे.

"दादा! हिकडं ये."

अजिनाथनं काच पाहिली. नखानं खरवडली. ठसा आतच होता.

"दिपे, ह्यो तर..."

त्यानं गपचूप बाही वर केली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह. लिव्हर अजून चांगलं होतं. गोळ्या सुरू झाल्या.

"हाताळताना लागला असेल ठसा," डॉक्टर म्हणाले. दिपाली हातमोजे घालते. पण वाद घालून ती दमली होती.

"दादा, संस्कृतीचंबी रक्त तपासून घे." हे ती तीनदा म्हणाली. त्याची पोर, सहा वर्षांची. काविळीच्या लसीचे डोस ऊसतोडीच्या फेऱ्यांत राहून गेलेले.

"फड उरकला की आनतो."

काल दिपालीनं कोऱ्या काचांचं नवं पाकीट फोडलं.

पहिल्याच काचेत... तपकिरी ठसा.

एवढासा. हरभऱ्याएवढा, लहान पोरीच्या अंगठ्याचा.

तिनं अजिनाथला अकरा फोन केले. तो नेवाशाकडे फडावर. एकही उचलला नाही.

बारावा उचलला. संस्कृतीनं.

"आत्या, पप्पा ट्रॅक्टरवर गेल्यात. काय सांगू त्यांना?"

दिपाली हातातल्या काचेवरच्या ठशाकडे बघत होती.

"सांग ना, आत्या..."

फोन कटला. अजून लागत नाहीये.