तेरा अंशांचं खोटं

पहिल्यांदा तो मला दिसलाच नाही.

मे संपत आला होता. एसी गाडीतून रास अल खैमाच्या त्या वर्कशॉपसमोर उतरले, आणि एका क्षणात चष्म्यावर धुकं चढलं. समोर सगळं पांढरं. एका हातात लॅपटॉपची बॅग. दुसरा हात आधारासाठी पुढे केला, तोच —

“अहो, बॉनेट आहे ते! तापलंय!”

हात हवेतच राहिला. मी चष्मा काढून ओढणीने पुसायला लागले.

“पुसू नका. परत चढेल. दोन मिनिटं तशाच उभ्या राहा... काचेला इथली हवा मानवू दे.”

इतक्या लांब, इतक्या उकाड्यात कुणी मराठीत हुकूम सोडेल असं वाटलं नव्हतं. मी उभी राहिले. काचा हळूहळू स्वच्छ झाल्या तसा तोही थोडा थोडा दिसत गेला. आधी निळी डांगरी, मग तेलकट मनगटं, मग हसू दाबून धरलेला चेहरा.

“नौशीन पेवेकर,” माझ्या गळ्यातलं कार्ड वाचत तो म्हणाला. “म्हणजे दाभोळ खाडीच्या त्या बाजूच्या.”

“आणि तुम्ही?”

“ह्या बाजूचा. अर्श परकार. मधे फेरीबोट आहे, काळजी करू नका.”

काळजी मला करायलाच हवी होती... पण ते नंतर कळलं.

दुबईतल्या एका टेस्टिंग कंपनीत मी कामाला होते. विकायला निघालेली वस्तू खरंच टिकते का ते मोजायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. घर अल मनखूलला, दोन खोल्यांचं. घरात मी, माझी पाच वर्षांची झारा आणि तिला सांभाळणारी मरियमबी खाला. तलाकला दोन वर्षं झाली होती. झाराचा व्हिसा माझ्या नावावर होता, शाळा माझ्या नावावर, तिचा ताप माझ्या नावावर. त्यात आणखी कुणाची भर नको, असं मी ठरवलेलं.

मोजायची वस्तू होती अर्शचं किट. मागची दारं उलटी उघडणाऱ्या एका जुन्या जपानी स्पोर्ट्स कारसाठी त्याने सुपरचार्जर बसवला होता. ह्या गाडीचं इंजिन रोटरी. ते काय असतं हे त्याने मला जेवणाच्या डब्यावर समजावलं.

“हा डबा म्हणजे इंजिनाची खोली. हा समोसा आत गोल फिरतो. खालीवर काही नाही, नुसतं फिरणं. समोशाच्या तिन्ही टोकांना नखाएवढ्या पातळ पट्ट्या. त्यांना सील म्हणायचं. त्या शाबूत, तर इंजिन शाबूत.”

“आणि सुपरचार्जर?”

“फुंकणी. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरते आणि आत जास्त हवा कोंबते. जास्त हवा, जास्त जोर. पण हवा दाबली की तापते. तापलेली हवा आत गेली, तर आग वेळेआधी लागते, आणि एखादी पट्टी... टक्.” त्याने समोशाचं टोक मोडून माझ्यासमोर धरलं. “घ्या. खलास झालेलं इंजिन.”

“मी डाएटवर आहे.”

“इंजिनाला कसलं डाएट!”

मी ते टोक खाल्लं. त्याने पाहिलं. आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

भिंतीवर त्याने स्वतः मार्करने लिहून ठेवलं होतं — ६०. फुंकणीतून निघालेली हवा कूलरमधून थंड होऊन इंजिनात शिरते, तेव्हा ती साठ अंशांच्या आत हवी. ऑगस्टमध्येसुद्धा. “जोर कुणीही देतो,” तो म्हणायचा. “ह्या गाडीला जोर देणारे पुष्कळ झाले, नौशीनबाई, आणि पुष्कळ इंजिनं उन्हाळ्यात मेली. एसी लावून भर दुपारी शेख झायेद रोडवर अडकलेल्या पोराला घरी पोहोचवेल असं किट मला बनवायचंय. भरवशाचं.”

त्या एका शब्दावर त्याची तीन वर्षं गेली होती.

जूनमध्ये पट्टा घसरायला लागला. गाडी वेग घेताना मांजरासारखी किंचाळायची. त्याने पट्टा रुंद केला, एक जास्तीची पुली घातली. जुलैत फुंकणी धरून ठेवणारा ब्रॅकेट तडकला. त्याने नवा कापला, मी दोनशे तास हलवून पाहिला, टिकला. आठवड्यातून तीन दिवस मी दुबईहून जायचे. सव्वा तासाचा रस्ता, धुळीने मळलेलं आकाश, सिमेंटच्या कारखान्यांच्या चिमण्या... आणि त्या रस्त्यावर मी काजळ लावायला लागले होते. आरशात स्वतःला विचारलंही, ‘सेन्सरला दाखवायचंय का?’

एका शनिवारी खालाचे गुडघे फार दुखत होते म्हणून झाराला सोबत नेलं. अर्श इंजिनात तेल ओतत होता.

“व्हाय इज द कार ड्रिंकिंग ऑइल, अंकल? इज इट सिक?”

“दुसरी गाडी तेल प्यायला लागली तर आजारी,” तो तिच्या उंचीला वाकून म्हणाला. “ही उलटी. ही थोडं थोडं तेल पितेच. पट्ट्यांना लागतं. प्यायची थांबली, की मग घाबरायचं.”

“सो ड्रिंकिंग इज गुड?”

“तू दूध पितेस ना, तसं.”

झाराने त्याच्याकडे अविश्वासाने पाहिलं. मग उलट्या दारातून मागच्या सीटवर शिरली आणि तिथेच झोपली. दार लावल्याचा आवाज होऊ नये म्हणून अर्शने ते तळहाताने हळूहळू आत ढकललं. पूर्ण एक मिनिट लागलं असेल. मी ते मिनिट पाहत राहिले.

घरी परतताना ती झोपेत म्हणाली, “मम्मा, इज अर्श अंकल कमिंग टुमॉरो ऑल्सो?”

रस्ता एकदम फार लांब वाटला.

वर्कशॉपचे मालक राजनसर. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते आले, भिंतीवरच्या साठकडे पाहिलं आणि म्हणाले, “अर्श, नोव्हेंबर में सीझन शुरू. इस हफ्ते रिपोर्ट पास नहीं हुआ तो प्रोजेक्ट खलास. तुम्हारा व्हिसा भी मैं नहीं रख पाऊंगा. सॉरी, मोने.” मोने म्हणजे त्यांच्या मल्याळममध्ये बाळा.

अर्श “ओके सर” म्हणाला आणि पाना पुसत बसला. तो पाना आधीच स्वच्छ होता.

शेवटची चाचणी जबल जैसच्या घाटात. दुपारी दोन वाजता पायथ्याशी एसी लावून वीस मिनिटं गाडी नुसती उभी ठेवायची, आणि मग एका दमात वर चढायचं. गाडी तो चालवत होता, लॅपटॉप माझ्या मांडीवर. डोंगर धुळीत पुसल्यासारखे, सूर्य मळक्या नाण्यासारखा. तिसरं वळण. बासष्ट. पाचवं. सहासष्ट. मी लॅपटॉपचा पडदा किंचित माझ्याकडे वळवला.

वर पोहोचलो तेव्हा आकडा होता एक्काहत्तर.

“किती?” त्याने समोर पाहतच विचारलं.

मला राजनसर दिसले. जेवणाच्या टेबलावरची त्याची बाजू रिकामी झालेली दिसली. एक मिनिट लावून मिटलेलं ते दार दिसलं...

“अठ्ठावन्न,” मी म्हणाले. “झालं तुझं.”

तो खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि कूलरमधून निघणाऱ्या पाईपवर तळहात ठेवला. लगेच काढला. मग बॉनेट लावून परत आला, आणि आम्ही घाट उतरलो. वाटेत त्याने मला एक बकरी दाखवली. कड्यावर उगीचच उभी होती. आम्ही दोघं हसलो. मी इतकी खूश आणि इतकी घाबरलेली आयुष्यात कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाचणी पास झाल्याचं कळून राजनसर कुनाफा मिठाईचा मोठा ट्रे घेऊन आले. रिपोर्ट अजून माझ्या हातातच होता. अर्श पुढे आला. उजव्या हाताला पट्टी.

“सर, कल का रन कॅन्सल. सेन्सर ढीला बैठा था. मेरी गलती. आज फिरसे करेंगे.”

त्या दुपारी राजनसर स्वतः माझ्या मागे बसले. वर पोहोचल्यावर मी आकडा मोठ्याने वाचला. “बहत्तर.”

मग राजनसर हळूच म्हणाले, “चलो.”

संध्याकाळी वर्कशॉपमागे आम्ही करक चहाचे कागदी कप घेऊन उभे होतो. हवा दमट, जड. कप हातात मऊ पडत होते.

“हात दाखवा,” मी म्हणाले.

“साठचा पाईप तीन मोजेपर्यंत धरता येतो. मी एकलाच सोडला.”

“म्हणजे तिथेच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?”

“तीन महिने ‘तुमचा पट्टा, तुमचा ब्रॅकेट’. आणि काल वर पहिल्यांदाच ‘झालं तुझं’... म्हटलं, घाट उतरेपर्यंत तरी खरं मानू या.”

मी कपाची मऊ पडलेली कड दुमडली.

“तेरा अंश, नौशीन. गाडीतल्या नोंदीत कालचा एक्काहत्तर पाहिला मी. माझ्यासाठी इतकं खोटं कुणी बोललं नव्हतं.”

“आणि तू? सेन्सरचं?”

“माझं लहान होतं.” तो हसला. मग हसू गेलं. “पण त्या कागदावर तुझी सही पाहून कुणीतरी किट घेतलं असतं. माझ्या नावाने आणि तुझ्या नावाने. ऑगस्टमध्ये कुठेतरी रस्त्यात... नाही. ते मला नको.”

“किती दिवस आहेत?”

“व्हिसा रद्द झाल्यावर मिळतात तेवढे. मग दाभोळ. मामाच्या बोटींची इंजिनं आहेत. समोसे नाहीत, साधी.”

मी श्वास घेतला. पाठ केलेलं काहीच आठवेना, म्हणून जसं आलं तसं बोलले. “माझ्या व्हिसावर ये. झारा आहेच माझ्या नावावर. बायको नवऱ्याला स्पॉन्सर करू शकते. पगार बसतो माझा, मी चौकशी केलीये.”

तो बघतच राहिला. “निकाहचं विचारतेस की टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाचा फॉर्म भरतेस?”

“दोन्ही.”

“बायकोच्या व्हिसावर! मामा मला खाडीत ढकलतील.”

“फेरीबोट आहे ना मधे.”

तो खूप हसला. डोळे पुसले. आणि मग ज्या आवाजात तो सीलबद्दल बोलायचा त्या आवाजात म्हणाला, “एक विचारू? खरा आकडा सांग. तुला मी हवाय... की मी जाऊ नये, एवढंच हवंय?”

हो, तूच हवायस, असं म्हणायला एक सेकंद लागला असता. तो थांबला असता. पण त्याच्या हातावरची पट्टी माझ्यासमोर होती.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “तू आवडतोस. एकटं राहायची भीती वाटते. झारा रडेल याची भीती वाटते. सगळं एकाच पाईपमधून येतंय, अर्श... वेगळं मोजता येत नाहीये.”

त्याने मान हलवली. रागावला नाही. चांगलं काम झाल्यावर हलवायचा तशी.

“मग घाईने सही करू नकोस,” तो म्हणाला. “माझ्यावर तर नकोच.”

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तो गेला. एअरपोर्टवर मी गेले नाही, त्याने बोलावलं नाही. झाराने चार दिवस विचारलं, मग विचारायची थांबली. ते जास्त लागलं. ऑफिसात मी स्वतःहून सांगितलं की त्या दिवशी सेन्सर घट्ट होता, सैल मी होते. मेमो मिळाला, साइटची कामं काढून घेतली. सगळा सप्टेंबर आणि ऑक्टोबर मी दुसऱ्यांचे आकडे टाईप करत होते. तेव्हा त्याला फोन करावासा रोज वाटायचा. पण तेव्हाचं वाटणं धरायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. दुखत असताना माणूस काहीही धरतो.

नोव्हेंबर आला. खालाचे गुडघे बरे झाले. मेमोची मुदत संपली, ऑफिसातल्या सरांनी साइटची बॅग परत दिली. एका सकाळी घराजवळच्या बागेत झारा झोक्यावर होती. हवा इतकी हलकी की ओढणी आपोआप उडत होती.

“मम्मा, डोन्ट पुश! आय कॅन डू इट मायसेल्फ!”

मी मागे सरले. हात मोकळे. कशाची भीती नव्हती, कुणी रडत नव्हतं, काहीच बिघडलेलं नव्हतं. बाकावर बसले आणि स्वतःला शोधून पाहिलं. कुठे काही दुखतंय का?

काहीच नाही. तरीही तो हवा होता.

फोन लागला तेव्हा पलीकडे बोटीचं इंजिन धडधडत होतं. त्यावरून त्याचा ओरडून बोललेला आवाज. “हॅलो? कोण?”

“नौशीन. अर्श, इथे आज सगळं ठीक आहे.”

“काय? ऐकू येत नाही!”

“सगळं ठीक आहे! झारा ठीक, नोकरी ठीक, मी ठीक!” बागेतल्या दोन आया वळून बघायला लागल्या. बघू देत. “काहीच अडलेलं नाही माझं! आणि तरी मला तू हवायस!”

पलीकडे नुसती धडधड. वारा. पाणी. मग धडधड मंदावली, अडखळली, थांबली. त्याने भर खाडीत इंजिन बंद केलं होतं.

“आता सांग,” तो हळूच म्हणाला. “मघाशी ऐकलं मी. पण परत सांग.”